म्हणे ओठ फुटलाय

नणंद : दाखव ओठ.

भावजय : वन्सं, बर्नर चालू आहे. आधी मागे सरका.

नणंद : बर्नर मला नवीन आहे का? अकरा वर्षं तुझ्या शेजारच्या चाकावर बसून तुझ्या काचेच्या चंबूंची तोंडं घासतेय. दाखव म्हणते ना.

भावजय : हा कंडेन्सर अर्ध्यावर आलाय. आता हात थांबला तर तडकेल.

नणंद : तडकू दे. कॉलेजची प्रयोगशाळा त्याच्यावाचून उपाशी मरणार नाही.

भावजय : काय बघायचंय त्या ओठात? फुटलाय. दिवसभर तोंडात नळी आणि समोर आच, मग दुसरं काय होणार? इथं काच फुंकणाऱ्या प्रत्येकाचा फुटतो. तुम्हीच मला पहिल्या वर्षी तूप लावायला सांगितलं होतंत.

नणंद : सांगितलं होतं. पण तेव्हा फुटलेला ओठ दिसायचा. आज तुझे दोन्ही ओठ मला इथून धडधाकट दिसताहेत. मग नळीच्या तोंडाला रक्त कुठलं?

भावजय : आतून फुटला असेल.

नणंद : आतून. बरं. आणि ॲप्रनच्या खिशातला रुमाल? तोही आतून फुटलाय का?

भावजय : माझ्या खिशात हात घातलात तुम्ही?

नणंद : घातला. सोमवारी ॲप्रन धुवायला जातात. चार घड्या केलेला रुमाल, रक्ताची बाजू आत. इस्त्रीवाल्यालासुद्धा इतकी नीट घडी जमायची नाही. किती दिवस चाललंय हे?

भावजय : थांबा. गॅस बंद करते.

नणंद : कर. आणि आता माझ्याकडे बघून सांग.

भावजय : सहा आठवडे.

नणंद : सहा आठवडे?

भावजय : हळू बोला. पलीकडे पॅकिंगला माणसं आहेत. रोज नसतं हो. खोकला आला की एखादा धागा यायचा. मग चमचाभर. मध्ये पाच-सहा दिवस काहीच नाही, म्हणून वाटायचं की थांबलं.

नणंद : आणि तपासणीला गेलीस तेव्हा काय म्हणाले? वीस दिवसांपूर्वी गेली होतीस ना? मी डबा भरून दिला होता.

भावजय : गेले नव्हते.

नणंद : डबा रिकामा आला होता.

भावजय : दवाखान्यासमोर बाग आहे ना, तिथं बसले. डबा खाल्ला. चार वाजले तशी घरी आले.

नणंद : अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? वर्ष झालं नाही कॅन्सरची सलाइनं संपून. दर महिन्याला रक्त तपासायचं असं त्यांनी चार वेळा बजावलंय. आणि तू बागेत डबा खातेस?

भावजय : तपासून काय कळणार होतं? परत आलंय ते. मला कळत नाही का? गेल्या वेळेला छातीत आठ गाठी होत्या. आता छातीतूनच रक्त येतंय. यात समजायला काय अवघड आहे?

नणंद : मग उपचार आहेत ना. एकदा निभावलंस ते.

भावजय : मी निभावलं. माझ्या लेकीनं काय केलं ते तुम्ही बघितलंत? आठ महिने ती बाथरूमच्या दाराला पाठ लावून बसायची. मी आत ओकतेय आणि ही बाहेर गणितं सोडवतेय. दहा वर्षांची पोर. एकदा मी दार उघडलं तर ती उताणी पडली, इतकी टेकून बसलेली. तिला मी पुन्हा तिथं बसवणार नाही. ठरलंय माझं.

नणंद : तू कोण ठरवणारी?

भावजय : मी नाही तर कोण, तुम्ही?

नणंद : तुझा नवरा मालाची गाडी घेऊन सहाशे मैलांवर गेलाय. तो येईपर्यंत तुझी जबाबदारी माझ्यावर आहे. चल, उठ. रिक्षा बोलावते.

भावजय : वन्सं, मी कुठंही येणार नाही. हा कंडेन्सर तडकला बघा, तुमच्यामुळं. आता पहिल्यापासून… थांबा जरा.

नणंद : काय झालं?

भावजय : काही नाही. छातीत एकदम गरम… पाणी सांडल्यासारखं…

नणंद : अगं. बेसिनकडे वळ. इकडे, माझ्या हाताला धर. खाली बस आधी. अहो, पलीकडे कोण आहे? गाडी काढा कुणीतरी. रिक्षा नको, गाडी. लवकर या हो.

(त्याच दिवशी दुपारी, दवाखान्यातली एक खोली. भावजय पलंगावर उजव्या कुशीला झोपली आहे.)

डॉक्टर : असंच उजव्या कुशीवर राहायचं. रक्त उजव्या फुफ्फुसातून येतंय. ही बाजू खाली असली की ते चांगल्या फुफ्फुसात उतरत नाही. मी रक्तवाहिन्यांची डॉक्टर आहे. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलंय. दम लागतोय?

भावजय : नाही.

नणंद : लागतोय तिला. नाही म्हणायची खोड आहे.

डॉक्टर : मी त्यांना विचारते आहे, ताई. बरं, आता नीट ऐका. सकाळी आल्याबरोबर तुमचा सीटी केला आणि रक्तही तपासलं. पहिली गोष्ट ही की तुमचा आजार परत आलेला नाही.

भावजय : बरं.

डॉक्टर : तुमच्या लक्षात आलं ना मी काय म्हणाले?

भावजय : आलं. पुढं बोला.

डॉक्टर : तुम्हाला द्राक्षगर्भ झाला होता. गर्भाच्या जागी नुसतेच घोस वाढले, त्यातून कॅन्सर झाला आणि तो फुफ्फुसात जाऊन बसला. बरोबर? या आजाराचं एक बरं असतं, तो रक्तात आपली खूण सोडतो. तो असला की एक हार्मोन वाढतं. तुमचं आज वाढलेलं नाही. आठ गाठींपैकी सात जागी आता नुसते वण आहेत.

भावजय : आणि आठवी?

डॉक्टर : तिथंच अडचण आहे. ही गाठ एका रक्तवाहिनीला चिकटून होती. तिनं त्या वाहिनीची भिंत कुरतडली होती, पण गाठ जागेवर होती तोवर तीच आधारही देत होती. औषधानं गाठ मेली, सुकली, आक्रसली. आधार गेला आणि कच्ची भिंत उघडी पडली. या पडद्यावर बघा. मान वळवू नका, मीच इकडे आणते.

भावजय : हा फुगा आलाय नळीला.

डॉक्टर : बरोबर ओळखलंत.

भावजय : एका अंगाला काच पातळ झाली की असंच होतं. फुंक सगळीकडं सारखीच जाते, पण फुगतं तेवढंच, जिथं पातळ आहे तिथं. फुगलं की आणखी पातळ होतं, आणि पातळ झालं की आणखी फुगतं. मग ते आपलं ऐकत नाही.

डॉक्टर : शिकाऊ डॉक्टरांना हे समजावताना माझी अर्धी सकाळ जाते.

भावजय : काचेची आच आम्ही काढून घेतो. इथं काय करता?

डॉक्टर : आत जाणारं रक्त बंद करतो. जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी घालायची, हृदयातून पुढं नेत थेट या वाहिनीपर्यंत. तिथं प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी सोडायची. वेटोळ्यांभोवती रक्त गोठतं आणि फुगा आतून भरून बंद होतो. छाती उघडावी लागत नाही. पण आजच करायला हवं. माझी माणसं तयार आहेत.

भावजय : आणि नाही केलं तर?

डॉक्टर : सकाळी जवळपास कपभर गेलं. पुढच्या वेळी किती जाईल हे मी सांगू शकत नाही. कदाचित इथपर्यंत पोचायला वेळच मिळणार नाही. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये.

भावजय : घाबरले नाही. मला नकोय ते.

नणंद : काय नकोय? अगं, त्या काय सांगताहेत ते कानात शिरतंय का? आजार नाहीये तुला. गेलाय तो, कायमचा गेलाय. किती चांगली बातमी आहे ही. आपण लगेच भावाला फोन करू, लेकीला शाळेतून मी आणते, संध्याकाळी तू उठून बसशील, आणि उद्या…

भावजय : बघा, लागल्या बोलायला.

डॉक्टर : म्हणजे?

भावजय : डॉक्टर, तुम्ही नवीन आहात, म्हणून सांगते. गेल्या वेळेला मला काय झालंय ते तीन महिने मला कुणी सांगितलं नाही. न्यूमोनियाचे डाग आहेत म्हणाले. सलाइन कशाला, तर गर्भाचे अंश राहिलेत ते धुवून काढायला. कॅन्सर विभागाची पाटी आली की या वन्सं बोलायला लागायच्या. भाजी काय केली, शेजारीण काय म्हणाली, मांजरीला किती पिल्लं झाली. मी यांच्याकडे बघत, पाटी न वाचताच आत जायचे. मांजरीला नऊ पिल्लं झाली होती त्या वर्षी.

नणंद : तुझ्या जिवासाठी केलं ते.

भावजय : माहीत आहे. म्हणूनच म्हणते, आज तुम्ही यांना बाहेर गाठून सांगितलं असणार की आजार परत आलाय हे तिच्यापाशी बोलू नका, नाहीतर ती उपचार घेणार नाही. आधी आत न्या, नळी घाला, मग हळूहळू सलाइनं सुरू करू. मी काय कुकुलं बाळ आहे?

डॉक्टर : असं मला कुणी काही सांगितलेलं नाही. आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. हा तुमच्या रक्ताचा कागद. हा आकडा, ही आजची तारीख.

भावजय : तेव्हाही कागद होते, डॉक्टर. त्यावरही आकडे होते.

डॉक्टर : मी तुम्हाला जबरदस्तीनं आत नेऊ शकत नाही. सही तुमची लागते. पण आज जर तुम्ही गेलात, तर तुम्हाला नसलेल्या आजाराच्या भीतीनं जाल, आणि ते मला फार लागेल. दहा मिनिटं देते. त्याहून जास्त माझ्यापाशी नाहीत. ताई, तुम्ही थांबा इथं. खोकला आला तर ही घंटा दाबा.

भावजय : दार लोटून घ्या.

नणंद : लोटलं.

भावजय : बोला आता. सुरू करा.

नणंद : काय बोलू?

भावजय : गप्प कशा? एरवी तर तोंडाचा पट्टा थांबत नाही.

नणंद : मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं.

भावजय : काय?

नणंद : तुझ्या छातीतून रक्त येतंय हे. संध्याकाळी सगळ्या नळ्या मी धुते ना. त्या गुरुवारी तुझ्या नळीच्या तोंडाला होतं. मी तुला म्हटलं, अगं रक्त लागलंय. तू म्हणालीस, ओठ फुटलाय. मी म्हटलं, तूप लाव.

भावजय : मग? खरंच वाटलं असेल तुम्हाला.

नणंद : नाही वाटलं. ओठाच्या रक्ताला फेस नसतो. इतकी वर्षं काचवाल्यांच्या नळ्या धुतल्यात मी. ओठाचं लाल असतं, सुकून काळं पडतं. तुझं गुलाबी होतं आणि त्याला बारीक बुडबुडे होते. मी नळी गरम पाण्याखाली धरली, पुसली आणि खुंटीला अडकवली. पुढच्या सोमवारी पुन्हा होतं. ते पण धुतलं.

भावजय : आणि आजचा तो रुमाल, ॲप्रन…

नणंद : ते सोंग होतं. काल दिवसभर तुझा खोकला ऐकला आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी धीर केला. एकदम कसं विचारायचं म्हणून रुमालाचं निमित्त पुढं केलं.

भावजय : तीन आठवडे, वन्सं. मी तेवढ्यात मेले असते.

नणंद : हो.

भावजय : का नाही बोललात?

नणंद : विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मग मला घरी जाऊन भावाला सांगावं लागलं असतं. तुझ्या पोरीसमोर हसत बसावं लागलं असतं, त्या आठ महिन्यांसारखं. मला पुन्हा तेवढं बळ आणता येईना. म्हणून मीही धरून चालले, ओठ फुटलाय. तू मला फसवत होतीस आणि मी फसून घेत होते. भेकड आहे मी. दुसरं काय सांगू?

भावजय : आणि मला म्हणालात, तूप लाव.

नणंद : म्हणाले. शिव्या घाल हवं तर.

भावजय : एवढं वाईट तुम्ही मला बरं वाटावं म्हणून नक्कीच नाही सांगितलंत.

नणंद : नाही.

भावजय : मग आता हेही सांगा. डॉक्टरांशी बाहेर काय बोलणं झालं?

नणंद : काही झालं नाही. त्या कागद घेऊन येताना दिसल्या तशी मी उठले. तोंडात वाक्य तयार होतं, की वाईट असेल तर आधी मला सांगा. जन्माची सवय. पण त्या थांबल्याच नाहीत. माझ्यासमोरून सरळ तुझ्या खोलीत शिरल्या. मी त्यांच्या मागून आले. जे ऐकलं ते तुझ्याबरोबर ऐकलं.

भावजय : माझ्याबरोबरच?

नणंद : तुझ्या मागे उभी होते. पलंगाची दांडी घट्ट धरून.

भावजय : पलंग हलत होता खरा. मला वाटलं मीच थरथरतेय.

नणंद : आपण दोघी थरथरत असू.

भावजय : म्हणजे ते खरंच परत आलेलं नाहीये.

नणंद : नाही गं.

भावजय : सहा आठवडे मी मनातल्या मनात सगळं आवरून ठेवलं, वन्सं. लेकीचे गणवेश पुढच्या दोन मापांचे शिवून ठेवलेत. कपाटात वर आहेत. बघितलं तर विचारेल म्हणून चादरीत गुंडाळलेत.

नणंद : वेडी आहेस. रडू नकोस, खोकला येईल. पुस डोळे. थांब, मी पुसते.

भावजय : घंटा दाबा.

नणंद : खोकला येतोय?

भावजय : नाही. दहा मिनिटं होत आली. बोलवा त्यांना.

डॉक्टर : काय ठरलं?

भावजय : करते मी. पण आधी खरं सांगा, यात काय बिघडू शकतं?

डॉक्टर : नळी नेताना फुगा फुटू शकतो. क्वचित होतं, पण होतं. तसं झालं तर छातीचे सर्जन बाहेर उभे आहेत, त्यांना मी सांगून ठेवलंय. दुसरं, वाहिनी बंद केली की फुफ्फुसाचा तिच्यावर जगणारा भाग निकामी होतो. लहान भाग आहे. जिना चढताना कळणारही नाही.

भावजय : आणि काच फुंकताना?

डॉक्टर : ते मला माहीत नाही. काच फुंकणारं कुणी मी आजवर तपासलेलं नाही. निदान तीन महिने तर नळी तोंडाला लावायची नाही. त्यानंतर काय होतं ते तुम्ही मला येऊन सांगायचं.

भावजय : हे चांगलं सांगितलंत.

डॉक्टर : भूल फक्त जांघेपुरती देणार, तुम्ही जाग्या असाल. फोटो घेताना मी सांगेन तेव्हा श्वास धरायचा. वीस सेकंद अजिबात हालचाल नको, खोकला तर नकोच. जमेल?

नणंद : वीस? सांध्यावर सांधा बसवताना ही चाळीस धरते. मला शेजारी घुसमटायला होतं.

भावजय : आज चाळीसचं सांगू नका. वीस धरते. कुठं सही करायची?

डॉक्टर : इथं. नातेवाइकांची इथं. ताई, तुम्ही कोण यांच्या?

नणंद : नणंद. नवऱ्याची मोठी बहीण.

डॉक्टर : यांचे यजमान?

नणंद : बाहेरगावी आहेत. आता फोन करते.

भावजय : वन्सं, त्यांना सगळं सांगा. सहा आठवडे पण सांगा. बागेतला डबा पण. गाडी बाजूला लावायला सांगा आणि मग बोला.

नणंद : आणि माझे तीन आठवडे?

भावजय : ते तुमचं तुम्ही बघा.

नणंद : सांगते. तेच आधी सांगते.

डॉक्टर : चला, ट्रॉली आली. उजवी कूस सोडायची नाही, आम्ही उचलून घेतो. दीडएक तास लागेल. ताई, तुम्ही बाहेरच्या बाकावर थांबा. झालं की मी येऊन काय झालं, कसं झालं, ते आधी तुम्हाला सांगते.

नणंद : नको, डॉक्टर. आधी तिला सांगा. मला ती सांगेल.